चार ग्रॅम जास्त

आमच्या भागातल्या दुकानदारांनी त्यांना ग्रॅमसाहेब हे नाव ठेवलं, ते काही प्रेमानं नव्हे. गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे काटे तपासले आणि तेवढ्या काळात कोणाच्या दुकानात घोटभर चहा घेतला असेल तर मी माझं दुकान त्यांच्या नावावर करून द्यायला तयार आहे. चहा घेतला की माणूस मिंधा होतो, असं त्यांचं म्हणणं. माझा थोरला भाऊ किराणावाला. त्याच्याकडून एकदा एक म्हातारी अर्धा किलो साखर घेऊन गेली आणि पाच मिनिटांत तीच पुडी हातात धरून ग्रॅमसाहेब दारात उभे. साखर सहा ग्रॅम कमी भरली होती. काटा जप्त झाला. भाऊ अजून सांगतो, दंडाचं एवढं वाटलं नाही, पण ती म्हातारी जाताना मला ‘सुखी राहा’ म्हणाली होती.

खोटं गिऱ्हाईक पाठवायचं आणि आपण कोपऱ्यावर थांबायचं, ही त्यांची कामाची रीत. धाकदपटशा नाही, आरडाओरडा नाही. समोरच्याला आपल्याच हातानं चूक करू द्यायची आणि मग शांतपणे विचारायचं, “हे कसं झालं?” निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. घरी आणलेला पाव तोलायचे, साबणाची वडी तोलायचे, नवा बूट घेतला तर डावा आणि उजवा वेगवेगळा तोलायचे. मला संशयी माणसांचा राग येतो. मी स्वतः संशयी आहे, म्हणून जरा जास्तच येतो.

माझं दुकान बारक्या यंत्रांच्या दुरुस्तीचं. बहिऱ्या माणसांची कानातली यंत्रं हे मुख्य काम, त्याखेरीज कॅमेरे, वाद्यांच्या पेट्या, खेळण्यातल्या आणि छंदातल्या आगगाड्या. बोर्डावर फक्त कानाच्या यंत्राचं चित्र आहे. मागच्या महिन्यात मात्र मला काय सुचलं कोण जाणे, मी काचेत एक रंगवलेला प्रवासी डबा मांडला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ग्रॅमसाहेब आत आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, खिशात दोन पेनं, हातात लाकडी पेटी आणि पेटीला दोन कुलपं.

त्यांनी पेटी उघडली आणि मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

आत वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती होती. पितळी, काळा रंग दिलेली, चाकं लाल, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. मागे कोळशाचा डबा. केबिनमध्ये निळ्या टोपीचा नखाएवढा ड्रायव्हर.

“याला दिवे बसवायचेत,” ते म्हणाले. “पुढचा मोठा, केबिनमधला छोटा, आणि भट्टीत निखाऱ्यासारखा उजेड. शिवाय आवाज. डिजिटल. चाकाच्या गतीबरोबर कमीजास्त झाला पाहिजे.”

“होईल.”

“असं इंजिन यापूर्वी तुमच्याकडे आलं होतं?”

“असं म्हणजे?”

“असं म्हणजे असं.”

“नाही,” मी म्हटलं, आणि चष्मा पुसायला घेतला. खोटं बोलताना माझे हात रिकामे राहत नाहीत.

खरी गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी एक बाई हेच इंजिन टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या सासूबाईंचं कानाचं यंत्र मी दुरुस्त करायचो, तेवढीच ओळख. फळीवरची धूळ पुसताना इंजिन खाली पडलं होतं. धुराडं मुळातून मोडलं होतं आणि बॉयलरचं पुढचं तोंड चेपलं होतं. ‘हे गावाहून परवा येतात, त्याआधी झालं पाहिजे. कळलं तर फार चिडतील. भाऊ, कोणाला सांगू नका,’ असं म्हणत बाई रडायच्या बेतात आल्या होत्या. मी शब्द दिला. दिला म्हणजे दिला.

पण इंजिन उघडेना. खालचे दोन स्क्रू फिरवले तर ते नुसतेच फिरत राहिले, कारण ते देखाव्याचे होते. एक अख्खा दिवस मी त्या धुडाशी झटापट केली. शेवटी चिडून ड्रायव्हरच्या पाठीवर अंगठा दाबला, तेव्हा तो बसल्या जागी अर्धा वळसा फिरला आणि सीटसकट वर आला. खरा स्क्रू त्याच्या बुडाखाली होता. ज्यानं कोणी हे केलं होतं त्याला मी तोंडभरून शिव्या दिल्या. मग लेथवर नवं धुराडं घडवलं, रंग जुळवला. इतकं बेमालूम जुळलं की मलाच दोनदा बघावं लागलं. खरं सांगायचं तर मला त्या धुराड्याचा अभिमान वाटत होता, आणि तो कोणाजवळ बोलून दाखवता येत नव्हता एवढीच खंत होती.

तो कारागीर आता माझ्यासमोर बसून अटी सांगत होता. काम त्यांच्यासमोर व्हायचं. ते नसतील तेव्हा पेटी सील केलेली राहायची, तिचा दोरा आणि शिशाचं सील ते स्वतः लावणार, जसं पूर्वी दुकानदारांच्या वजनांना लावायचे. सामान मागवायला आठवडा लागणार होता. त्यांनी पेटी सील केली, माझ्याच कपाटात ठेवायला दिली आणि जाताना दारातून वळून एकदा कपाटाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसाला पाव तोलल्याशिवाय खाववत नाही, त्याला अचानक भोंगे आणि दिवे कशाला हवेत?

दोन दिवसांनी बाई आल्या. केस पांढरे झाले होते, पिशवी मात्र तसलीच.

“भाऊ, ते इथे आणलंय ना?”

“कपाटात आहे.”

“त्यांनी काही विचारलं?”

“विचारलं. मी नाही म्हटलं.”

“परत विचारतील. तुम्ही आपलं तेच सांगा. माझं नाव काढू नका.”

“ताई, एका धुराड्यापायी नऊ वर्षं कोणी घाबरतं का? सांगून टाका की. फार तर दोन दिवस फुगून बसतील.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच बोलणं मूर्खपणाचं वाटलं. “तुम्हाला माहीत नाही,” एवढंच बोलून त्या गेल्या. काय माहीत नाही, ते सांगितलं नाही. यात काहीतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं, आणि अशा वेळी माझी चिडचिड होते. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला मी उगाचच झापलं.

चौथ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतला घड्याळवाला गप्पा मारायला आला. कपाटातली पेटी बघून म्हणाला, “अरे, हा प्राणी तुझ्याकडे पण आला का? माझ्याकडे गेल्या वर्षी आला होता. दिवे बसवायचेत म्हणाला. मी इंजिन उघडायला बसलो, तर याचा डोळा माझ्या बोटांवर. अर्धा तास मी खालचे स्क्रू फिरवतोय आणि हा हूं की चूं करत नाही. शेवटी मी म्हटलं, साहेब, हे उघडत नाही. तर म्हणाला, ठीक आहे, आणि उचलून घेऊन गेला. कॅमेरेवाल्याकडे पण तेच. रेडिओवाल्याकडे पण तेच.”

तो हसत होता. मी हसलो नाही. मला भावाची साखर आठवली. दिवे नाहीत, आवाज नाही, काही नाही. हे इंजिन म्हणजे खोटं गिऱ्हाईक होतं. ज्याला स्क्रू सापडणार नाही तो सुटणार होता, आणि ज्याला चटकन सापडेल त्यानं ते पूर्वी उघडलंय हे सिद्ध होणार होतं.

मी ठरवलं, आपणही अर्धा तास खालचे स्क्रू फिरवायचे, घाम पुसायचा आणि हात टेकायचे. घड्याळवाल्याला जे जमलं नाही ते मलाही जमत नाही असं दाखवायचं जिवावर आलं होतं, पण शब्द दिला होता.

सामान आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रॅमसाहेब सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. सील तपासलं, तोडलं, खुर्ची माझ्या टेबलाला चिकटवून बसले. मी इंजिन उताणं केलं आणि खालचा पहिला खोटा स्क्रू फिरवू लागलो. फिरवतोय, फिरवतोय. वेळ काढायला काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, “साहेब, घरी चालवतं कोण हे?”

“कोणी नाही.”

“मुलंबाळं?”

“एक मुलगा आहे. दुसऱ्या गावी असतो. नऊ वर्षं झाली, आमच्यात बोलणं नाही.”

नऊ वर्षं म्हटल्यावर माझा स्क्रूड्रायव्हर थांबला. मी वर बघितलं.

“मी दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला याचं वजन करतो,” ते सांगू लागले. आवाज सपाट, साक्ष देताना असतो तसा. “दोन हजार एकशे बारा ग्रॅम. सहा वर्षं तेवढंच भरलं. सातव्या वर्षी दोन हजार एकशे सोळा. चार ग्रॅम जास्त.”

“धूळ बसली असेल, साहेब.”

“चार ग्रॅम धूळ? माझ्या घरात?” त्यांना खरोखर लागलं ते. “काटा तीनदा तपासला. कोणीतरी उघडलं होतं, मोडलं होतं आणि बाहेरून दुरुस्त करून आणलं होतं. मुलाला ते चालवायची फार हौस होती. मी हात लावू देत नसे. आठ दिवसांपूर्वीच त्यावरून आमची वादावादी झाली होती. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी हात लावला नाही. परत विचारलं. परत तेच. मी म्हटलं, काटा खोटं बोलत नाही, तेव्हा तू बोलतोयस, आणि खोटं बोलणारा माणूस मला या घरात नको. तो म्हणाला, बरं. बॅग भरली आणि गेला. बावीस वर्षांचा होता.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. नऊ वर्षं मी त्या धुराड्याची मनातल्या मनात फुशारकी मारत होतो. एका बाईला नवऱ्याच्या रागापासून वाचवलं, केवढा मी भला माणूस. आणि माझ्या त्या चार ग्रॅम जादा पितळेखाली एक पोरगा घराबाहेर गेला होता. धुराड्याची भिंत जरा पातळ कातली असती तर वजन जुळलं असतं. आळस केला मी, दुसरं काही नाही. मला त्यांचा राग आला, बाईंचा आला, सगळ्यांत जास्त माझा आला.

आणि या रागात माझ्या हातांनी माझं ऐकलं नाही. मी त्यांच्याकडे बघत असतानाच डाव्या हातानं इंजिन सुलटं केलं, उजव्या अंगठ्यानं ड्रायव्हरची पाठ दाबली, त्याला अर्धा वळसा दिला, सीट काढून ताटलीत ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला. स्क्रू सैल झाल्याचं बोटांना कळलं तेव्हा कुठे मला कळलं.

ग्रॅमसाहेब हलले नाहीत.

“हे कसं झालं?” त्यांनी विचारलं.

“अंदाजानं.”

“दहा दुकानांत कोणाला अंदाज आला नाही. ती सीट मी स्वतः बनवली आहे, तसली दुसरी कुठेच नाही. आणि तुम्ही बघतही नव्हतात, माझ्याकडे बघत होतात.”

चष्मा पुसायला घ्यावा तर दोन्ही हात अडकलेले. ते पुढे वाकले, आणि तो सपाट आवाज पहिल्यांदा जरा हलला.

“मला बाकी काही नको. एकच सांगा. माझ्या मुलानं आणलं होतं का?”

त्यांचा चेहरा बघून मला समजलं की हा माणूस नऊ वर्षं दारोदार फिरतोय तो एक ‘हो’ ऐकायला. मी हो म्हटलं असतं तर ते समाधानानं घरी गेले असते, बाईही सुटल्या असत्या, आणि मुलगा कायमचा खोटारडा ठरला असता. नाही म्हणावं तर मागे उरतं कोण, हे त्यांना बोटांवर मोजता येत होतं. दिलेला शब्द एकीकडे आणि कधी न पाहिलेला मुलगा दुसरीकडे. मी मनातल्या मनात बाईंची माफी मागितली.

“नाही,” मी म्हटलं.

“नीट आठवा. उंच आहे. डाव्या भुवईवर व्रण आहे.”

“साहेब, मुलगा नव्हता. तुमच्या मुलाला मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.”

त्यांनी तो सुटा ड्रायव्हर उचलून तळहातावर घेतला. मग हळूच म्हणाले, “घरात तेव्हा आम्ही तिघंच होतो. आई आधीच्या वर्षी गेली.” उठताना म्हणाले, “मी पुढचं काही विचारलं नाही आणि तुम्ही काही सांगितलं नाहीत. काम चालू ठेवा.” त्या संध्याकाळी ते पेटी सील करायला विसरले. मी ती माझ्या कुलपात ठेवली आणि पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटली. घरी जाऊन हा माणूस काय करेल?

पुढचे तीन दिवस मी काम करत होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना न्याहाळत होतो. बायकोला विचारलं असेल? ओरडले असतील? चेहऱ्यावरून काही थांग लागत नव्हता. मी केसाएवढ्या तारा बॉयलरमधून ओवल्या, पुढच्या कंदिलात पिवळसर दिवा बसवला, भट्टीत दोन तांबूस दिवे लावले, ते आळीपाळीनं मंद आणि प्रखर होतील असे. डिजिटल आवाजाची पाटी, म्हणजे सर्किट, पोस्टाच्या तिकिटाएवढी; ती, बारकी बॅटरी आणि स्पीकर कोळशाच्या डब्यात. इथे माझा कानाच्या यंत्रांचा अनुभव कामी आला. स्पीकरच्या मागची हवा नीट कोंडली नाही तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. मी मागे छोटी पेटी करून कडा मेणानं बंद केल्या. चाकाच्या आसाला चुंबक लावला, म्हणजे चाक फिरेल तसा वाफेचा फुत्कार निघेल.

तिसऱ्या दिवशी टेबलावरच्या गोल रुळांवर इंजिन ठेवून चालवलं. छक, छक, छक. ग्रॅमसाहेब चाकावर खडूनं खूण करून मोजायला बसले.

“एका फेऱ्याला चार,” ते म्हणाले. “दोन सिलिंडर, प्रत्येकी दोनदा. बरोबर आहे.” मग आणखी सहा फेरे मोजले, कारण पहिले बरोबर आले म्हणजे सगळे बरोबर येतील असं थोडंच आहे?

“उद्या घेऊन जातो,” ते म्हणाले. “मिसेसना घेऊन येईन.”

बायकोला घेऊन येणार, तेही माझ्या दुकानात, माझ्यासमोर. म्हणजे साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर. बाईंना निरोप तरी कसा द्यावा? फोन नंबर नव्हता, घर माहीत नव्हतं. रात्रभर मी नुसता कुशी बदलत होतो आणि बायको विचारत होती, पित्त झालंय का.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. बाईंनी मला ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या, पिशवी मांडीवर. ग्रॅमसाहेबांनी घरून आणलेला काटा टेबलावर ठेवला, पाणसळ लावून समतल केला आणि एक जाड वही उघडली. रकाने आखलेले. तारीख, वजन, फरक, फरकाचं कारण. मी उलटं वाचायला शिकलेलो आहे. धंद्यात उपयोग होतो. शेवटच्या नऊ ओळींत फरक चार ग्रॅम आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द, नऊ वेळा, ‘मुलगा’.

त्यांनी इंजिन काट्यावर ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“मूळ वजन दोन हजार एकशे बारा. नवं सामान अठ्ठावन्न. होतात दोन हजार एकशे सत्तर. काट्यावर दोन हजार एकशे चौऱ्याहत्तर.” थांबले. “चार ग्रॅम जास्त.”

बोलताना ते कोणाकडेच बघत नव्हते, काट्याकडे बघत होते. पण मला ती रीत माहीत होती. समोरच्याला आपल्या हातानं चूक करू द्यायची. माझं डोकं तडकलं. स्वतःच्या बायकोवर हा प्रयोग? मी खुर्ची मागे सारली, आता चार शब्द सुनवायचेच, मग काहीही होवो.

“ते चार ग्रॅम माझे आहेत,” बाई म्हणाल्या.

त्या उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बोलत राहिल्या.

“धूळ पुसत होते. तुम्ही नको म्हणायचात तरी मी पुसायचे, रोज. त्या दिवशी हातातून निसटलं. या भाऊंकडून दुरुस्त करून आणलं. तुम्ही त्याला विचारत होतात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंड उघडलंच नाही. वाटलं, महिनाभरात तुमचा राग उतरेल, मग सांगेन. महिन्यानं सांगितलं असतं तर म्हणाला असतात, महिनाभर गप्प का बसलीस. वर्षानं सांगितलं असतं तर वर्षभर का.”

“म्हणालो असतो,” ग्रॅमसाहेब म्हणाले.

“आता नऊ झाली. आता म्हणा.”

त्यांनी वहीवरचा हात मागे घेतला. मी परत खुर्ची पुढे ओढली. दुकानात त्या छोट्या भट्टीतला उजेड तेवढा कमीजास्त होत होता, कारण मी सकाळच्या चाचणीनंतर बटण बंद करायला विसरलो होतो.

“मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं,” ते शेवटी म्हणाले. “घरी विचारायचा धीर झाला नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मी काय केलं असतं? म्हणून इथे आणलं.”

या माणसाच्या तोंडून धीर झाला नाही हे शब्द ऐकायला माझा भाऊ तिथे हवा होता.

“त्याला कोण सांगणार?” बाईंनी विचारलं. “मी सांगते.”

“नाही. आरोप मी केला होता.”

त्यांनी फोन काढला. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, हे मी पहिल्याच दिवशी ताडलं होतं, पण यंत्र लावा म्हटलं असतं तर मी धंदा करतोय असा संशय घेतला असता. म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. नंबर पाठ होता त्यांना. दोनदा पूर्ण घंटी वाजून बंद झाली. तिसऱ्यांदा तिकडून उचलला गेला आणि एक घाबरलेला आवाज आला.

“आईला काय झालं?”

बाईंनी तोंडावर पदर धरला. नऊ वर्षांनी वडिलांचा नंबर दिसतो तेव्हा मुलाच्या मनात दुसरं येणार तरी काय?

“काही नाही झालं,” ग्रॅमसाहेब म्हणाले. “आई बरी आहे. मी, इंजिनाबद्दल फोन केला. ते तू उघडलं नव्हतंस.”

पलीकडे एक दार लावल्याचा आवाज आला.

“तुम्ही आईला काय बोललात?” मुलगा म्हणाला.

ग्रॅमसाहेबांनी मान वर केली. मलाही ते समजायला एक क्षण लागला. त्याला माहीत होतं. बॅग भरताना माहीत होतं की नंतर कधी समजलं, देव जाणे, पण त्याला माहीत होतं आणि त्यानं आईला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. आई मुलासमोर गप्प, मुलगा आईसाठी गप्प, आणि ज्याच्यापासून लपवायचं तो मधोमध काटा धरून बसलेला.

“काही बोललो नाही,” ते म्हणाले. “खरंच नाही बोललो. ती इथेच आहे. तूच बोल.”

बाईंनी फोन ओढूनच घेतला आणि दाराशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. ऐकू येत होतं, पण ऐकलं नाही.

ग्रॅमसाहेबांनी वही पुढे ओढली. नवी ओळ लिहिली. तारीख, दोन हजार एकशे चौऱ्याहत्तर, फरक चार. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी वरच्या नऊ ओळींतला ‘मुलगा’ एकेक करून खोडला, पट्टी लावून, सरळ रेघेत. मला वाटलं आता तिथे ‘पत्नी’ येणार. त्यांनी लिहिलं, ‘मी’. नवव्यांदा लिहून झालं तरी थांबले नाहीत, दहाव्या ओळीतही लिहिलं, आणि वही माझ्याकडे वळवली.

“सही करा. साक्षीदार लागतो.”

मी सही केली.

दारातून बाईंनी हाक मारली. डोळे पुसत होत्या, पण आवाज हलका होता. “अहो, तो विचारतोय, शिट्टी पण वाजते का? एकदा वाजवा म्हणतो, त्याला ऐकायचीय.”

मी रिमोटचं बटण ग्रॅमसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी दाबलं. शिट्टी दुकानभर घुमली, लांब आणि जाड, पत्र्याचा मागमूस नाही. बाईंनी फोन पुढे धरला होता. ग्रॅमसाहेबांनी भुवया आक्रसल्या, फोनकडे संशयानं बघितलं आणि बटणावरचं बोट काढलं.

“फोनवर आवाजाची खात्री होत नाही,” ते म्हणाले. “त्याला म्हणावं, येऊन तपासून जा.”